मेस्त्रीनं भांडणं सोडलं

आधीच सांगून ठेवते, माझ्या जिभेला हाड नाही आणि पोटात गोष्ट राहत नाही. बायकांचे केस कापायचं माझं छोटंसं दुकान आहे, आणि तोंड चालू असल्याशिवाय माझी कात्री चालत नाही. दादा नेमका उलटा. आम्ही दोघं एकाच आईच्या पोटची, पण सगळं तिखट माझ्या वाट्याला आलं आणि सगळं गोड त्याच्या, असं वहिनी लग्न होऊन आली त्या वर्षीच म्हणाली होती.

दादा गाडी चालवायला शिकवतो. सगळं गाव त्याला मास्तर म्हणतं. एकच गाडी आहे त्याची, छपरावर पाटी लावलेली, आणि तिला ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या दादाच्या पायाशी. शिकणारा गडबडला, समोर अचानक सायकलवाला आला, की दादा आपला ब्रेक दाबतो. तसे सगळेच मास्तर दाबतात. पण बाकीचे खाडकन दाबतात आणि वर आईबाप काढतात. आमचा दादा इतका अलगद दाबतो की शिकणाऱ्याला वाटतं, गाडी आपणच थांबवली. वर हा म्हणतो, "छान थांबवलीत." त्याच्या गाडीत कधी कोणी रडलं नाही, कोणाला दरदरून घाम फुटला नाही. घाबरट माणसं तर हटकून त्याच्याकडेच यायची.

या कौतुकाची दुसरी बाजू मेस्त्रीला विचारा. मेस्त्री म्हणजे दादाचा शाळेपासूनचा मित्र. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं गॅरेज आहे. तो म्हणतो, "मास्तर शिकवतो, म्हणून माझी चूल पेटते." कारण दादाकडे शिकलेला माणूस पहिल्यांदा एकटा गाडी घेऊन निघाला की कुठेतरी धडकलाच म्हणून समजा. शेजारी दुसरा पाय नसतो ना. मीही त्याच्याकडेच शिकले. लायसन्स मिळाल्याच्या आनंदात माझ्याच दुकानाच्या शटरमध्ये गाडी घातली. खाली उतरले, दादाला फोन लावला आणि विचारलं की मला गाडी येत नव्हती हे तू मला कधी सांगणार होतास. तर म्हणाला, येत होती गं, थोडं राहिलं होतं. त्यावर मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वहिनी पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसायची. कोणी खोकं पुढे सरकवलं की ती ते आधी हलवून बघायची आणि मग विचारायची, आत काय आहे. कोणी म्हणालं, काही नाही हो, असंच थोडंफार, की ते खोकं आलं तसं परत. मेस्त्रीचं आणि तिचं तिथेच जुंपायचं. तो गाडीचे सुटे भाग वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचा, बाहेरपर्यंत तेल पाझरलेलं असायचं. ती म्हणायची, नीट बांधून आण. तो म्हणायचा, वहिनी, हे पोस्ट आहे की कोर्ट. आणि संध्याकाळी हाच माणूस दादाकडे चहाला हजर. चहावर तेच भांडण पुढे चालू. वर्षानुवर्षं हे असंच. ज्या दिवशी भांडण व्हायचं नाही त्या दिवशी दोघांनाही काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं.

गाठ वहिनीला स्वतःलाच लागली, आंघोळ करताना. कोणाला न सांगता तिनं तपासणी करून घेतली. निकाल आला तेव्हा आम्हा दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं की स्तनाचा कॅन्सर आहे, आधी केमो देऊन गाठ बारीक करायची, मग ऑपरेशन. पार्सलचं वजन सांगावं तसं सांगितलं. मी भोकाड पसरलं. दादा उठून स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून कितीतरी वेळ नुसता उभा राहिला. बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर तेच हसू, शिकाऊ माणसाला पहिल्यांदा गाडीत बसवताना असतं तसलं. म्हणाला, "छान होईल सगळं."

त्या दिवसापासून दादानं घर चालवायला घेतलं. सकाळचे शिकाऊ त्यानं बंद केले. ज्या माणसाला अंडं उकडायला ठेवून विसरायची सवय, तो मऊ भात करायला शिकला, बटाटा कुस्करायला शिकला. फोडणीच्या वासानं वहिनीच्या पोटात ढवळायचं म्हणून त्यानं तव्या-कढयांना रजा दिली. तिला सगळ्याला धातूची चव लागायची, तोंडात नाणं धरून बसल्यासारखी. मग स्टीलचे चमचे कपाटात गेले आणि लाकडी आले. शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्या रोज दुपारी पातळ सूप घेऊन यायच्या आणि वहिनीनं खाल्लं की नाही हे वर्गात गृहपाठ तपासावा तसं वाडग्यात डोकावून बघायच्या. भाचीला, दादा-वहिनीच्या लेकीला, दूर शिकायला ठेवलं होतं. परीक्षा सोडून यायचं नाही, असं वहिनीनंच तिला दटावलं होतं. पोस्टातल्या बायका आळीपाळीनं येऊन चादरी-कपडे धुऊन जायच्या आणि जाताना साहेबांच्या चुगल्या सांगून जायच्या. औषधापेक्षा त्या चुगल्या जास्त लागू पडायच्या, असं माझं आपलं मत आहे.

केस मी काढले. गळायला लागले तेव्हा ती माझ्या दुकानात आली, शटर अर्धं खाली ओढायला लावलं आणि म्हणाली, उशीवर रोज गोळा करत बसण्यापेक्षा एकदाच उडव. मी उगाच मशीनची वायर सरळ करत बसले. ती आरशातून बघत होती. म्हणाली, अर्धं काम औषधानंच केलंय, तुझं काय एवढं कौतुक. मी हसले आणि मशीन चालू केलं.

डोसच्या दिवशी मेस्त्री आपली गाडी काढायचा. पुढे मेस्त्री आणि दादा, मागे मी आणि मांडीवर लहान बादली घेतलेली वहिनी. दादाचा पाय सवयीनं खालच्या पायपुसण्यावर दाबला जायचा, प्रत्येक वळणाला, प्रत्येक सिग्नलला. मेस्त्री म्हणायचा, मास्तर, तिथे ब्रेक नाही, माझ्या गाडीला भोक पाडू नकोस. मग वहिनी आणि मेस्त्रीचं सुरू व्हायचं. तुझ्या गाडीला ग्रीसचा वास येतो. मग काय अत्तर ओतू का वहिनी. हा रस्ता कशाला घेतलास. मग तुम्ही चालवा. असं हॉस्पिटलच्या दारापर्यंत. येताना ती मान टाकून पडलेली असायची, पण एखादा तरी टोमणा मारल्याशिवाय गाडीतून उतरायची नाही.

तिसऱ्या डोसनंतर सोनोग्राफी झाली. निकाल मिळायचा होता त्या दिवशी वहिनीला ताप होता, रक्तातल्या पेशी कमी झालेल्या, बाहेर न्यायची सोय नव्हती. दादा एकटा गेला. परत येताना तो घरी गेलाच नाही, माझ्या दुकानात आला. मी एका बाईचं डोकं धूत होते. तो रिकाम्या खुर्चीत बसला आणि माझ्याकडे न बघता आरशाकडे बघून बोलला. गाठ बारीक झालेली नाही. होती जवळजवळ तेवढीच आहे. औषध बदलणार आहेत. नवं औषध बऱ्याच जणींना लागू पडतं, पण जास्त कडक आहे, हातापायांची बोटं बधिर होतात.

मी म्हटलं, वहिनीला काय सांगणार. तो म्हणाला, सगळं छान आहे म्हणून सांगणार. मी साबणाच्या हातांनीच त्याच्यावर धावून गेले. ती काय कुक्कुलं बाळ आहे का. तो म्हणाला, घाबरलेला माणूस स्टिअरिंग सोडतो, मी रोज बघतो, तिनं आत्ता हात सोडले तर सगळंच गेलं. मला कळत होतं की तो हे तिच्यावरच्या मायेनं बोलतोय, आणि म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. पुढच्या डोसच्या आत तू सांग, नाहीतर मी सांगेन, एवढं ठणकावून मी त्याला घालवलं. जाताना तो गॅरेजमध्ये थांबला आणि मेस्त्रीलाही सांगून गेला. एकट्याच्यानं पेलत नव्हतं त्याला, दुसरं काय.

घरी जाऊन त्यानं वहिनीला सांगितलं की गाठ छान उतरतेय आणि डॉक्टर आता आणखी चांगलं औषध देणार आहेत. उतरतेय तर बदलायचं कशाला, असं तिनं विचारलं. त्यावर हा म्हणाला, आणखी चांगलं आहे म्हणून. ती म्हणाली, बरं. पुन्हा काही विचारलं नाही. दादाला वाटलं, जमलं.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं होय? दादा शिट्टी वाजवत भात करायला लागला, जन्मात कधी वाजवली नव्हती. मीही काही कमी शहाणी नव्हते, वहिनीसमोर गेले की हवापाण्यावर बोलायचे. पण सगळ्यात बिघडला तो मेस्त्री. संध्याकाळी चहाला यायचा तो हात जोडल्यासारखा बसायचा. वहिनी म्हणाली, काल तुझ्या गॅरेजचा ठोकाठोकीचा आवाज दुपारभर चालला होता, डोळ्याला डोळा लागला नाही माझा. तर हा म्हणे, हो वहिनी, तुमचं बरोबर आहे, चुकलंच. वहिनी कप हातात धरून त्याच्याकडे बघतच राहिली. दोन दिवसांनी तर त्यानं कमाल केली. पोस्टात टाकायचं एक पार्सल घेऊन घरी आला. कापडात शिवलेलं, कोपरे सरळ, तेलाचा एक डाग नाही. बघा वहिनी, जमलंय का, असं विचारलं त्यानं. वहिनीनं ते सगळीकडून फिरवून पाहिलं, त्याच्या हातात परत दिलं आणि आत जाऊन पडून राहिली. मला वाटलं, थकली असेल.

डोसच्या दिवशी सकाळी मी पोहोचले तेव्हा दादानं बादली, पांघरूण, पाण्याची बाटली सगळं दाराशी मांडून ठेवलं होतं. त्यानं अजून सांगितलेलं नाही हे त्याच्या तोंडावरूनच मला कळलं. मेस्त्री गाडी लावून वर आला होता आणि उंबरठ्यात उभा होता. वहिनी खोलीतून बाहेर आली ती कामावर जायच्या कपड्यांत. डोक्याला रुमाल नीट बांधलेला, खांद्याला पोस्टात न्यायची पिशवी. म्हणाली, मी डोस घेणार नाही. आज नाही आणि पुढचेही नाहीत. खिडकीवर जाऊन बसते.

दादानं हसून सुरुवात केली. अगं, इतकं छान चाललंय, आता मधेच कुठे सोडतेस, नवं औषध तर आणखी चांगलं आहे. ती शांतपणे ऐकत होती. त्याचं संपल्यावर म्हणाली, "मेस्त्रीनं माझ्याशी भांडणं सोडलं. त्या दिवशीच मला कळलं की माझं संपलंय. मग उरलेले दिवस मी ओकत कशाला काढू? मला माझ्या जागेवर बसू दे."

मेस्त्री जमिनीकडे बघत होता. मी तोंड उघडलं, पण वहिनीनं हात वर केला. तू नको, त्याला सांगू दे, म्हणाली. दादा "छान" म्हणायला गेला असावा, कारण ओठ हलले आणि आवाज आला नाही. मग तो वळला आणि जिना उतरून गेला.

मी मागोमाग धावले. तो आपल्या गाडीत जाऊन बसला होता, त्याच्या नेहमीच्या जागी. मी दार उघडलं आणि जे आलं ते बोलले. म्हटलं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या तू थांबवल्यास आणि त्यांना सांगितलंस की तुम्हीच थांबवल्या, म्हणून तर तुझी माणसं शटरात आणि फाटकात घुसतात. पत्रा चेपला तर मेस्त्री ठोकून सरळ करतो. तिला कोण सरळ करणार? ती काय समजून बसलीय ते ऐकलंस ना? तुझ्या गोडव्यापायी ती आज बसल्या जागी मरायला निघालीय. दादा म्हणाला, मला बोलता येत नाही गं, तिच्याकडे बघितलं की तोंडातून भलतंच निघतं. मी म्हटलं, मग बघू नकोस, जमिनीकडे बघून सांग, पण सांग.

वर येऊन त्यानं खरोखरच जमिनीकडे बघून सांगितलं.

"गाठ कमी झालेली नाही. तेवढीच आहे. आधीचं औषध लागू पडलं नाही." मग म्हणाला, "नवं बऱ्याच जणींना लागू पडतं, सगळ्यांना नाही. बोटं बधिर होतील. ते नाही लागू पडलं तर लगेच ऑपरेशन. त्याच्या पुढचं डॉक्टरांनाही माहीत नाही. मी विचारलं होतं. मला फार भीती वाटते. तू गेलीस तर मी या घरात काय करू, ते मला कळत नाही."

वहिनीनं पिशवी खांद्यावरून काढून टेबलावर ठेवली. "म्हणजे उपाय संपलेले नाहीत?" तिनं विचारलं.

"नाही. संपलेले नाहीत."

ती खुर्चीत बसली. मला वाटलं, आता हिला हायसं वाटेल. कसलं काय. इतक्या वर्षांत ती चिडलेली मी कितीदा पाहिली होती, पण असली नव्हती पाहिली. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. लेकीशी फोनवर बोलताना मी तिचा आवाज साठवून ठेवत होते, म्हणाली. कपाटातलं काय कुणाला द्यायचं ते ठरवून झालं माझं. तुला गॅसचा नंबर, पाण्याची टाकी, सगळं आडून आडून शिकवत होते, तुझ्या लक्षात तरी आलं का? आणि मग त्याच्याकडे रोखून बघत म्हणाली, "मी मरायची तयारी करत होते, आणि तू शेजारी असताना एकटी करत होते."

हे वाक्य ती त्याला आजही ऐकवते, आणि तो आजही मान खाली घालतो. त्या दिवशी तर तो नुसता उभा होता, हात लोंबकळत. त्याला जवळ घ्यावं असं मला वाटलं आणि दोन ठेवून द्याव्यात असंही वाटलं. दोन्ही मी केलं नाही. हे त्या दोघांचं होतं.

शेवटी उंबरठ्यातून मेस्त्री बोलला. म्हणाला, वहिनी, ते पार्सल मी बांधलं नव्हतं, माझ्या बायकोनं शिवून दिलं होतं. वहिनीनं त्याच्याकडे मान वळवली. "ते दिसतच होतं. तुझ्या हातून असा सरळ कोपरा सात जन्मांत निघायचा नाही." मग मेस्त्रीला जोर आला. म्हणाला, सात जन्म तुमच्या खिडकीसमोर उभं राहायचं असेल तर मला मोक्षच द्या. ती उठली, डोक्याचा रुमाल सारखा केला आणि म्हणाली, चल, गाडी काढ, आणि आज तो खड्ड्यांचा रस्ता घेतलास तर याद राख. जिना उतरेपर्यंत दोघांचं चालूच होतं. मी बादली घेऊन मागे, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

हॉस्पिटलात डॉक्टर सवयीनं दादाकडे बघून बोलायला लागले. वहिनी म्हणाली, औषध मला चढणार आहे, माझ्याकडे बघून सांगा. मग त्यांनी सगळं पुन्हा तिला सांगितलं. तिनं बारीकसारीक विचारलं. बोटं कधी बधिर होतात, परत ठीक होतात का, पार्सलची सुतळी ओढता येईल का. डॉक्टर म्हणाले, काहींची होतात, काहींची पूर्ण होत नाहीत. ती म्हणाली, ठीक आहे, आता कळलं.

केमोची खोली लांबट आहे, खिडकीच्या बाजूनं आडव्या होणाऱ्या खुर्च्यांची रांग, प्रत्येकीशेजारी सलाईनचा खांब. नर्स नव्यानंच आलेली, हातावर शीर शोधत होती. आधीच्या डोसांनी शिरा आत गेल्या होत्या, सापडत नव्हत्या. वहिनीचा हात गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवून ती सहज म्हणाली, "नवं औषध आहे, भीती वाटतेय का?"

दादाचं तोंड उघडलं. छे, भीती कसली, हे शब्द त्याच्या ओठांवर आलेले मला दिसले. त्यानं ते गिळले.

"वाटतेय," वहिनी म्हणाली. "आम्हा दोघांनाही."

नर्सनं मान हलवली, पलीकडचं एक स्टूल ओढून आणलं आणि दादाला बसा म्हणाली. दादा बसला. वहिनीचा मोकळा हात त्यानं दोन्ही हातांत धरला आणि सगळ्या खोलीदेखत रडायला लागला, मोठ्यानं, शाळकरी पोरासारखा. शेजारच्या खुर्च्यांवरच्या बायका बघत होत्या. मी पुढे झाले, पण वहिनीनं मला नजरेनंच मागे सारलं. तिनंही त्याला गप्प केलं नाही.